संघ बलवान, तरी हार का?

प्रश्न: पोकेमॉनच्या स्पर्धात्मक दुहेरी (एका वेळी दोन विरुद्ध दोन) लढतींत माझा संघ बलवान असूनही मी वारंवार हरतो. काय सुधारावे?

उत्तर: आपण कळवलेल्या संघात सहाही पोकेमॉन निव्वळ हल्लेखोर आहेत आणि वेगावर ताबा मिळवणारी एकही चाल नाही, हेच मुख्य कारण दिसते. ‘टेलविंड’मुळे आपल्या बाजूचा वेग 4 फेऱ्या दुप्पट होतो, तर ‘ट्रिक रूम’मध्ये 5 फेऱ्या संथ पोकेमॉन आधी चाल करतात. प्रतिस्पर्ध्याने ‘ट्रिक रूम’ लावली, की ‘प्रोटेक्ट’ने (त्या फेरीतले हल्ले अडवणाऱ्या चालीने) वेळ काढावा, मात्र त्याच पोकेमॉनने ते लागोपाठ वापरल्यास यशाची शक्यता एक तृतीयांशच उरते. सहांपैकी चारच उतरवायचे असल्याने, समोरचा संघ दिसताच त्याची पहिली जोडी ताडण्याचा सराव आपण अवश्य करावा.