जमैकाचे टॉम रेडकॅम कोण होते? हे त्यांचं खरं नाव होतं का?

नाही हो, खरं नाव थॉमस मॅकडरमॉट. ते आडनाव इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटच्या अक्षरापासून उलटं वाचा, बरोब्बर टॉम रेडकॅम तयार होतं! मला स्वतःला हे कळलं तेव्हा कागदावर लिहून चेक केलं होतं.

जन्म 1870 चा, जमैकात क्लॅरेंडनला, म्हणजे तेव्हा पूर्ण ब्रिटिश राज. आधी मास्तरकी केली, मग जमैका टाइम्स या साप्ताहिकाचे संपादक झाले आणि तिथे वीसेक वर्षं राहिले, नुसत्या बातम्या नाही तर स्थानिक लोकांच्या कथा-कविता मुद्दाम छापायचे. त्यांचं खरं मोठं काम मला वाटतं ऑल जमैका लायब्ररी, जमैकातल्याच लोकांनी लिहिलेली पुस्तकं तिथल्याच वाचकांना स्वस्तात मिळावीत म्हणून काढलेली मालिका, आणि पहिलं पुस्तक 1904 मध्ये स्वतःचंच टाकलं. मालिका फार चालली नाही, चारपाच पुस्तकांत आटोपली.

पुढे तब्येत ढासळली म्हणून इंग्लंडला गेले, 1933 ला तिथेच वारले. जमैकाचे पहिले राजकवी हा मान मिळाला तोही गेल्यावरच.