फ्लॉसमुळे दातांत फटी पडतात का?

प्रश्न: डॉक्टर, मुलीने मुंबईहून फ्लॉस (दातांमधली घाण काढायचा दोरा) आणून दिलाय, दहा दिवस वापरतेय. रोज थोडं रक्त येतं आणि आता खालच्या पुढच्या दातांत फट दिसायला लागलीय, आधी नव्हती. सासूबाई म्हणतात दोऱ्यानेच दात सरकले. त्या आयुष्यभर मशेरी लावतायत, त्यांना कधी रक्त आलं नाही. बंद करू का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर: ताई, बंद अजिबात करू नका. फट दोऱ्याने पडलेली नाही, ती आधीपासूनच होती, फक्त सुजलेल्या हिरडीने बुजलेली होती, आता सूज उतरतेय म्हणून दिसतेय. दात हाडात रोवलेला असतो, रोज दोन मिनिटं दोरा फिरवून तो सरकत नाही. खालच्या पुढच्या दातांमागेच लाळेच्या ग्रंथी उघडतात, म्हणून तिथे कीटण सगळ्यात लवकर धरतं, आणि दोन दातांच्या मध्ये ब्रश पोचतच नाही.

खरी फट पडते ती हिरडीच्या रोगाने हाड झिजलं की, नाहीतर झाडूच्या हिराने. आपल्याकडे मासे खाल्ले, रायवळ आंबा चोखला की दातांत धागा अडकतो आणि माणूस सरळ झाडूचा हीर मोडून कोरायला बसतो, रोज त्याच जागी टोचून टोचून दातांमधली हिरडीची टोकं खाली जातात ती परत वर येत नाहीत. हे मी पेशंटच्या तोंडात सारखं बघतो आणि दरवेळी जीव हळहळतो.

फ्लॉस साधारण एक हात, म्हणजे ४५ सेंमी घ्या, दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळा, हळूहळू पुढेमागे करत आत सोडा, खटकन मारू नका, त्यानेच हिरडी कापते. मग दाताला चंद्रकोरीसारखा लपेटून हिरडीच्या किंचित आतपर्यंत वरखाली घासा, नंतर शेजारचा दात. जिथे फट मोठी आहे तिथे फ्लॉसपेक्षा दातांमधला बारीक ब्रश बरा.

रक्त दोन आठवड्यांत थांबायला हवं. नाही थांबलं, पू आला किंवा दात हलतोय वाटलं तर डेंटिस्टकडे जाऊन स्केलिंग (कीटण काढणं), एक्स-रे करा, शुगरही तपासा.

आणि सासूबाईंनाही सोबत घेऊन जा. मशेरीतल्या तंबाखूने हिरडीतून रक्त कमी येतं, त्यामुळे रोग आत वाढत असला तरी बाहेर काहीच कळत नाही.