वाचकांचे प्रश्न : ‘होपफुली’ म्हणजे आशा कोणाची?

प्रश्न : मी एका इंग्रजी नियतकालिकासाठी ऊस, हळद, बेदाणा आणि जिल्ह्याचे राजकारण या विषयांवर अधूनमधून लिहितो. अलीकडच्या एका लेखात मी दोन वाक्यांची सुरुवात ‘होपफुली’ या क्रियाविशेषणाने केली होती. या हंगामात कारखाने उसाची देणी वेळेत देतील, असे पहिले वाक्य होते आणि रिझर्व्ह बँक व्याजदर कमी करील, असे दुसरे. इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक असलेल्या एका स्नेह्यांनी दोन्ही ठिकाणी हा शब्द अशुद्ध ठरवून खोडला. माझी मुलगी मात्र हा आक्षेप कालबाह्य असल्याचे सांगते. कोणाचे ऐकावे? आणि हाच मजकूर मराठीत लिहायचा झाल्यास काय करावे?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : व्याकरणापुरते आपल्या मुलीचे म्हणणे बरोबर आहे. तरीही आपल्या दोन्ही वाक्यांतून मी हा शब्द काढलाच असता, मात्र माझे कारण प्राध्यापकांच्या कारणाहून वेगळे आहे.

आधी व्याकरणाचा प्रश्न संपवू. ‘होपफुली’चा जुना अर्थ ‘आशेने’ असा आहे. शेतकरी आशेने आभाळाकडे पाहतो, तेव्हा आशा कोणाची याविषयी शंका राहत नाही. पुढे हा शब्द एका क्रियापदापुरता न राहता सबंध वाक्यावरचा बोलणाऱ्याचा शेरा म्हणून येऊ लागला. १९६० च्या दशकात अमेरिकेत हा वापर झपाट्याने पसरला आणि तितक्याच तीव्रतेने त्याला विरोधही झाला. ‘होपफुली, पाऊस पडेल’ या वाक्यात पाऊस काही आशेने पडत नाही, मग ही आशा बाळगणारा वाक्यात आहे कुठे, असा विरोधकांचा सवाल होता. परंतु ‘फ्रँकली’ आणि ‘सॅडली’ हे शब्द इंग्रजीत याच पद्धतीने येतात आणि त्यांच्यावर असा गदारोळ झाला नाही. ‘सुदैवाने पूर ओसरला’ असे आपण लिहितो, तेव्हा सुदैव पुराचे असते असे कोणी समजत नाही. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने एप्रिल २०१२ मध्ये आपल्या शैलीपुस्तिकेत हा वापर मान्य केला, तेव्हाच या वादातला जोर ओसरला. अर्थात आपल्या स्नेह्यांसारखे जाणकार वाचक अजूनही या शब्दापाशी अडखळतात, आणि अडखळलेल्या वाचकाचे पुढच्या मुद्द्यावरचे लक्ष उडते, एवढे लेखकाने ध्यानात ठेवावे.

माझा आक्षेप राजकीय आणि आर्थिक भाष्यापुरता आहे. अशा लेखनात काय घडण्याचा संभव आहे, काय घडावे असे लेखकाला वाटते आणि काय घडवून आणणे कोणावर बंधनकारक आहे, या तीन निरनिराळ्या गोष्टी असतात. ‘होपफुली’ या तिन्हींना एकाच शब्दाखाली झाकते.

आपले पहिले वाक्य पाहा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार कारखान्याने ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांत त्याचे पैसे द्यायचे असतात, आणि विलंब झाल्यास थकीत रकमेवर वार्षिक १५ टक्के व्याज लागू होते. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के साखर उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३५५ रुपये रास्त व किफायतशीर दर, म्हणजे आपण ज्याला एफआरपी म्हणतो तो, ठरवला आहे. कायद्याने ठरलेल्या देण्याविषयी आपण केवळ आशा व्यक्त केली की तो शेतकऱ्याचा हक्क न वाटता कारखान्याची मेहेरबानी वाटू लागते. वाळवा, पलूस आणि कराड भागातल्या ज्या कुटुंबांचे वर्षाचे गणित उसाच्या बिलावर चालते, त्यांच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. म्हणून तेथे ‘कारखान्यांनी १४ दिवसांत पैसे दिले पाहिजेत’ असे स्पष्ट लिहावे, आणि ते देणार नाहीत अशी भीती असेल तर तीही तिच्या कारणांसह मांडावी.

दुसऱ्या वाक्यात अडचण निराळी आहे. व्याजदर कमी होतील असा आपला अंदाज आहे, की ते कमी व्हावेत अशी इच्छा आहे? अंदाज असेल तर त्याला आधार हवा. महागाईचा दर ४ टक्के राखणे आणि तो २ ते ६ टक्क्यांच्या पट्ट्याबाहेर जाऊ न देणे, हे २०१६ पासून रिझर्व्ह बँकेचे जाहीर उद्दिष्ट आहे. महागाई आज त्या पट्ट्यात कुठे आहे हे सांगून आपल्याला तर्क मांडता येतो. इच्छा असेल तर ती कोणाची, हा प्रश्न उरतोच. घरासाठी कर्ज काढलेल्याला दरकपात हवी असते, पण ठेवींच्या व्याजावर घर चालवणाऱ्या निवृत्त माणसाला ती नको असते. हळदीचे भाव चढावेत ही उत्पादकाची आशा असते, मसाला उद्योगाची नव्हे. ‘होपफुली’ लिहिणारा लेखक यांपैकी एका बाजूला उभा असतो आणि आपण सगळ्यांच्या वतीने बोलतो आहोत असा आभास निर्माण करतो. निवडणुकीवर लिहिताना तर हा दोष अधिकच गंभीर होतो, कारण ‘आशा आहे, स्थिर सरकार येईल’ या निरुपद्रवी दिसणाऱ्या वाक्यात पुष्कळदा एका पक्षाचा प्रचार दडलेला असतो.

सांगलीकरांना याहून जवळचे उदाहरण पुराचे आहे. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट असताना ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. कोयना धरणातून किती पाणी सोडायचे, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा साठा कोणत्या आठवड्यात किती ठेवायचा, हे निर्णय माणसे घेतात. अशा विषयावर ‘दोन्ही राज्यांत समन्वय राहील अशी आशा’ एवढेच लिहिणे म्हणजे निर्णय घेणाऱ्यांना जाब विचारायचे सोडून देणे होय, आणि ते मला मान्य नाही.

जिथे निर्णय कोणाच्याच हाती नसतो आणि हितही बहुतेक सर्वांचे एकच असते, तिथे हा शब्द चालेल. जत, आटपाडी किंवा माण तालुक्यात वेळेवर पाऊस पडो, असे कोणीही म्हणावे. तेथेही हवामान खात्याचा अंदाज उपलब्ध असेल तर तो आधी द्यावा. ‘सामान्य पाऊस’ म्हणजे दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के, असा खात्याचा निश्चित अर्थ असतो.

मराठीत ‘आशेने’ हा शब्द सबंध वाक्याला लावता येत नाही, त्यामुळे आपण ‘अपेक्षा आहे’ या प्रयोगाकडे वळतो आणि तोच गोंधळ दुसऱ्या वाटेने आत येतो. ‘दर कमी होतील अशी अपेक्षा आहे’ हा अंदाज झाला आणि ‘दर कमी व्हावेत अशी अपेक्षा आहे’ ही मागणी झाली. वर्तमानपत्री मराठीत हे दोन्ही सर्रास एकमेकांच्या जागी येतात. शिवाय दोन्हींत अपेक्षा करणारा अदृश्यच राहतो. तेव्हा ‘बाजाराचा अंदाज आहे’, ‘ऊसउत्पादकांची मागणी आहे’ किंवा ‘मला वाटते’ असे कर्त्यासह लिहावे. आपला लेख आपल्या नावाने छापला जातो, त्यामुळे त्यात ‘मला’ लिहिण्याचा संकोच बाळगण्याचे कारण नाही.