जिप्सीच्या बाकाखालचं पोतं: कुठला भाग कशाचा

तुमच्या नव्याने घेतलेल्या जुन्या मारुती जिप्सी किंगच्या मागच्या बाकाखाली जे पोतं निघालं, त्याचे फोटो नीट पाहिले. भंगारात द्यायची घाई करू नका. यातले बहुतेक नग एकाच कामातले आहेत. कुणीतरी गाडी उंच केली होती आणि त्यातून आलेली स्टिअरिंगची थरथर आवरता आवरता हे पोतं भरत गेलं.

दोन-दोन भोकांच्या त्या चपट्या पट्ट्या म्हणजे पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) शॅकल, पाट्याचं टोक चॅसिसला जोडणारे हलते दुवे. पोत्यातल्या एका शॅकलच्या दोन भोकांमधलं अंतर मोजा, मग गाडीखाली शिरून बसवलेल्याचं मोजा. गाडीवरचं जास्त भरलं तर कंपनीचे शॅकल पोत्यात आणि लांब शॅकल गाडीवर, हे नक्की झालं.

एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला निमुळत्या आणि मध्ये भोक असलेल्या पट्ट्या म्हणजे पाचरी. त्या पाटा आणि अॅक्सल (चाकांचा आस) यांच्यामध्ये बसतात, मधल्या भोकात पाट्याच्या पट्ट्या एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं येतं. पुढचे शॅकल लांब केले की अॅक्सल थोडा फिरतो, कॅस्टर (बाजूने पाहिल्यावर स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, गाडी सरळ रेषेत राहत नाही आणि वळल्यावर स्टिअरिंग आपणहून परत येत नाही. पाचर तो कोन भरून काढते. फोटोत पाचरींवर पाट्याच्या कडेचा दाबलेला ठसा दिसतोय, म्हणजे त्या बसवून परत काढल्यात. का काढल्या ते मिस्त्रीलाच ठाऊक. पण शॅकल लांब आणि पाचर नाही अशा अवस्थेत गाडी हायवेला नेऊ नका. आधी अलाइनमेंटवाल्याकडे कॅस्टर मोजून घ्या. पाचरी परत बसवल्यात तर थोडं चालवून पाटा अॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट पुन्हा आवळायचे, हे गॅरेजवाले हमखास विसरतात.

प्लास्टिकच्या पुडीतले कागदासारखे पातळ पत्रे या पोत्यातला सगळ्यात बोलका पुरावा आहे. ते किंगपिनचे (ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं तिचे) शिम. किंगपिनच्या बेअरिंगवर किती दाब राहायचा ते या शिमवर ठरतं. शिम काढला की दाब वाढतो. थरथर थांबवायला कुणीतरी शिम काढत गेलंय, खरं कारण कॅस्टरमध्ये असताना. म्हणून पुढचं चाक जॅकवर घ्या, टाय रॉड (दोन्ही चाकं जोडणारा स्टिअरिंगचा दांडा) सोडवा आणि नकल (चाकासोबत वळणारा अॅक्सलच्या टोकाचा भाग) हाताने डावी-उजवीकडे फिरवा. मध्येच अडकल्यासारखी किंवा खडबडीत लागली तर बेअरिंगला खड्डे पडलेत, ती बदलावी लागतील. अंदाजाने शिम परत घालू नका. ताणकाट्याने (स्प्रिंगच्या वजनकाट्याने) ओढून, सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवूनच घालायचे.

अर्धगोल पत्रे आणि तेलकट नमदा हा नकलच्या गोळ्यावरच्या सीलचा जुना संच. नमदा टाकून द्या. पत्रे सरळ असतील तर धुऊन ठेवा. आता नकलच्या तळाशी हात फिरवा. घट्ट ग्रीसऐवजी पातळ तेल लागलं तर आतलं अॅक्सल सील गेलंय आणि डिफरन्शियलचं तेल ग्रीसमध्ये उतरतंय.

खटका फिरवायच्या दोन जाड टोप्या म्हणजे फ्री व्हीलिंग हब, पुढची चाकं अॅक्सलपासून सोडवणारे किंवा त्याला जोडणारे. तुमच्या गाडीवर साध्या फ्लँज (चाक अॅक्सलला कायम जोडून ठेवणाऱ्या चकत्या) दिसतात, त्यामुळे पुढचे अॅक्सल कायम फिरत राहतील. त्यात बिघडत काही नाही, उलट चिखलात खाली उतरून हब लॉक करायचा त्रास वाचतो. तरी हब रॉकेलमध्ये धुऊन तपासा: फ्रीवर आतलं दातेरी चाक सुटं फिरलं पाहिजे, लॉकवर अजिबात नाही. दोन्ही या परीक्षेत उतरले तर जपून ठेवा, जिप्सीवाले शोधत असतात.

राहिले पाच भोकांचे जाड अॅल्युमिनियमचे स्पेसर. रुंद टायर पूर्ण वळणावर पाट्यांना घासू नयेत म्हणून ते लावतात. जिप्सीच्या चाकाच्या बोल्टच्या वर्तुळाचा व्यास १३९.७ मिमी आहे, महिंद्राच्या जुन्या जीपचाही तेवढाच. त्यामुळे स्पेसर मुळात जीपचे असायची शक्यता आहे. तुमचे टायर कंपनीच्या मापाचे, २०५/७० आर१५ आहेत, तुम्हाला त्यांची गरजच नाही. स्पेसरमुळे चाक बाहेर जातं आणि हबच्या बेअरिंगवर ताण वाढतो.

पाट्यांचं काम काढाल तेव्हा पोत्यातले शॅकल नवे बुश (भोकातले रबरी नळकांडे) घालून परत चढवा, मग पाचरींचा प्रश्नच उरणार नाही. लिफ्ट (गाडीची वाढवलेली उंची) ठेवायचाच असेल तर आरटीओत आधी विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीतल्या बदलांचा विषय येतो. पुढच्या फोटोत गाडीवरच्या शॅकलशेजारी टेप धरा, आकडा वाचता आला पाहिजे.