शिंगांचा मुकुट आणि काळ्या चांदण्या

प्रश्न : भाचीने 'ट्रू डिटेक्टिव्ह' या अमेरिकन गुन्हेमालिकेवरून चित्र काढलंय. शिंगांचा मुकुट घातलेली पाठमोरी बाई, पाठीवर भोवरा, वर काळ्या चांदण्या, कोपऱ्यात पत्र्याची पाच माणसं. हे अघोरी तर नाही ना? – एक मावशी, सातारा

उत्तर : मावशी, घाबरू नका. भाचीने मालिका मन लावून पाहिली आहे. 2014 सालचा हा पहिला सीझन लुईझियानाच्या दलदलीत घडतो. शिंगं आणि भोवरा तिथल्या खुनातले. काळ्या चांदण्या मात्र खूप जुन्या. रॉबर्ट चेंबर्सच्या 1895 सालच्या 'द किंग इन यलो' या कथासंग्रहात कारकोसा नावाच्या नगरीवर त्या दिसतात. कारकोसा हे नावही त्याने अँब्रोज बिअर्स या आधीच्या अमेरिकन लेखकाकडून उचललं. चेंबर्सच्या कथांमध्ये एक नाटक आहे, ते वाचणारा भ्रमिष्ट होतो. पण ते नाटक तो आपल्याला पूर्ण देत नाही, चार-दोन ओळीच देतो! मला या कथांची खरी ताकद तिथेच वाटते. म्हणून प्रत्येक खुणेचा अर्थ लावत बसू नका.

पत्र्याची माणसं अघोरी नाहीत. मालिकेतला माजी डिटेक्टिव्ह रस्ट चौकशीला बसलेला असताना बिअरचे डबे कापून ती करतो. मी तर चित्रात आधी तीच शोधते; तो एकाकी माणूस मला तिथे भेटतो. भाचीला एवढंच विचारा : बाई पाठमोरी का काढलीस?