डोकं उठलं की गोळी कधी द्यायची?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. माझी मुलगी १३ वर्षांची, आठवीत आहे, वजन ४० किलो. महिन्यातून दोन-तीनदा तिचं कपाळ ठणकतं. शाळेतून आली की दप्तर दारातच टाकते, पडदे ओढून घेते आणि आतून ओरडते, आई मिक्सर बंद कर. मग उलटी. इथल्या डॉक्टरांनी तपासून मायग्रेन सांगितलंय, आयबुप्रोफेन लिहून दिलीय. पण सासूबाई म्हणतात एवढ्याशा वयात गोळीची सवय लागेल, म्हणून आम्ही आधी बाम चोळतो, फडकं बांधतो, आणि अगदीच सहन होईना झालं की ४००ची अर्धी गोळी देतो. ती एकतर उलटून पडते नाहीतर काही फरकच पडत नाही. मलाही मायग्रेन आहे, माझी गोळी तिला दिली तर चालेल का?
– एक आई, सांगली

उत्तर: ताई, औषध चुकीचं नाहीये हो, ते उशिरा जातंय आणि अर्धंच जातंय. आयबुप्रोफेनचा हिशोब किलोमागे १० मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या लेकीला ४०० बसतात. तुम्ही देता २००, आणि तेही दोन तास बाम चोळून झाल्यावर. मायग्रेन चढला की पोटाचं काम मंदावतं, गोळी तशीच पडून राहते, पुढे सरकत नाही, म्हणून उशिरा दिलेली गोळी बऱ्याचदा वाया जाते किंवा उलटीत बाहेर येते. तिच्या डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं नसेल तर डोकं दुखायला लागलं की पहिल्या अर्ध्या तासात पूर्ण डोस द्या, बरोबर एखादं बिस्किट नि पाणी, आणि खोलीत अंधार करून झोपू द्या. पुन्हा लागलीच तर ६ ते ८ तासांनी. दमा असेल, किडनीचा किंवा अल्सरचा त्रास असेल तर मात्र आधी विचारायचं. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम, तेही चालतं, पण मायग्रेनला बहुतेक मुलांना आयबुप्रोफेनच जास्त लागू पडते.

आता शाळेचं बघा. त्रास तिला बहुतेक शाळेतच सुरू होत असणार, शेवटच्या तासाला वगैरे, आणि घरी येईपर्यंत गाडी निघून गेलेली असते. डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या, गोळी किती नि कधी ते स्पष्ट लिहिलेली, आणि वर्गशिक्षिकेकडे एक गोळी ठेवा. डबा तसाच परत येतो का तेही बघा, उपाशीपोटी नि कमी पाण्यावर मायग्रेन हमखास उठतो.

सवयीचं म्हणाल तर सासूबाई अगदीच चुकीचं बोलत नाहीत. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. पण तुमच्याकडे दोन-तीन दिवसांचा प्रश्न आहे! गोळी दिली त्या तारखेवर कालनिर्णयवर एक टिंब करा, सासूबाईंनाच करायला सांगा, आठवड्याला दोन-तीन टिंबं व्हायला लागली तर डॉक्टरांकडे जायचं, मग ते रोज घ्यायच्या औषधाचा विचार करतील.

पूर्ण डोस वेळेवर देऊनही दोन-तीन अटॅकमध्ये फरक पडला नाही तर पुढची पायरी ट्रिप्टान, म्हणजे खास मायग्रेनसाठीचीच औषधं. त्यातल्या रिझाट्रिप्टानला अमेरिकेत ६ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी २०११ मध्ये परवानगी मिळाली, ती जिभेवर विरघळणारीही मिळते, उलटी होणाऱ्या पोरांना बरी. हे डॉक्टरांनी लिहून दिलं तरच, कारण हृदयाचा त्रास किंवा बीपी असेल तर ट्रिप्टान देत नाहीत, आणि महिन्यात ९ दिवसांपेक्षा जास्त नको. मान-छाती थोडी जड वाटते कधीकधी, पोरीला आधी सांगून ठेवा म्हणजे घाबरणार नाही. गंमत म्हणजे मुलांमध्ये औषध नसलेल्या नुसत्या साखरेच्या गोळीनंही बऱ्याच जणांचं डोकं दुखायचं थांबतं, त्यामुळे ही औषधं मुलांवर तपासणं हीच संशोधकांची मोठी डोकेदुखी होऊन बसली होती. उलटीच जास्त असेल तर उलटी थांबवणाऱ्या ऑनडान्सेट्रॉनबद्दल डॉक्टरांना विचारा.

आणि तुमची गोळी अजिबात नको. मोठ्यांच्या बऱ्याच मायग्रेनच्या गोळ्यांमध्ये एर्गोटामिन नावाचं जुनं औषध असतं, त्यानं मळमळ अजून वाढते आणि ट्रिप्टानच्या आगेमागे २४ तासांत ते चालतच नाही. अॅस्पिरिनसुद्धा नको, मुलांना त्यातून क्वचित पण गंभीर असा राय सिंड्रोम, म्हणजे मेंदू नि यकृतावर हल्ला करणारा आजार, होऊ शकतो.

एकदम कधी नव्हे इतकं जोरात दुखलं, पहाटे डोकेदुखीनंच जाग येऊन उलटी झाली, हात-पाय लुळा वाटला, फिट आली किंवा डोक्याला मार लागल्यावर दुखायला लागलं, तर गोळी देत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

प्रश्न: मुलगा ७ वर्षांचा, २० किलो. त्यालाही मायग्रेन निघालाय. घरात तापाचं आयबुप्रोफेन-पॅरासिटामॉल एकत्र असलेलं सिरप आहे, तेच दोन चमचे देऊ का?
– एक बाबा, पिंपरी

उत्तर: चमचा आधी बाजूला ठेवा, प्रत्येक घरातला चमचा वेगळा. बाटलीबरोबरचं माप घ्या. नुसत्या आयबुप्रोफेनचं सिरप ५ मिलीत १०० मिलिग्रॅमचं असेल तर त्याला १० मिली होतं. दोन औषधं एकत्र असली की कुठलं किती गेलं याचा घोळ होतो, आणि मग आजी तापासाठी वेगळं पॅरासिटामॉल पाजतात, मी हे दर पावसाळ्यात बघतो. या वयात अटॅक दोन तासांतही संपतो, तो झोपला आणि उठून खेळायला लागला तर औषध दिलंच पाहिजे असं नाही. बाटलीवर निमेसुलाइड, हे ताप-दुखीचंच एक औषध, लिहिलेलं नाही ना तेवढं बघा, १२ वर्षांखालच्या मुलांसाठी त्यावर आपल्याकडे २०११ पासून बंदी आहे. आणि डोकेदुखीबरोबर ताप असेल तर तो मायग्रेन समजू नका, डेंग्यूच्या दिवसांत तर आयबुप्रोफेन अजिबात नको, रक्तस्राव वाढू शकतो, नुसतं पॅरासिटामॉल द्या आणि डॉक्टरांकडे न्या.