घोडा पळताना फर्र फर्र का करतो?

प्रश्न: माझी मुलगी 11 वर्षांची आहे, घोडबंदर रोडला दर रविवारी घोडेस्वारी शिकते. तिचा घोडा कँटरला (मध्यम वेगाच्या दौडीला) लागला की नाकातून फर्र... फर्र... असा आवाज सुरू होतो तो थांबेपर्यंत, आणि ट्रॉटला (दुडक्या चालीत) पोटाखालून डबक-डबक येतं ते वेगळंच. दुसऱ्या एक आई म्हणाल्या याला दमा असणार. खरंच आजारी आहे का हो?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: घोडबंदरला राहून घोड्याचा प्रश्न, वा! तर ताई, दम्याचं नंतर बघू, आधी हे बघा की आवाज श्वास आत घेताना येतोय की सोडताना, कारण सगळं त्यावरच आहे.

घोड्याला तोंडाने श्वास घेताच येत नाही. त्याचा मऊ टाळू स्वरयंत्राला खालून असा घट्ट बसलेला असतो की तोंडाची वाट बंदच, त्यामुळे कुत्र्यासारखं जीभ काढून धापा टाकणं त्याच्या नशिबात नाही, जे काय ते नाकातून. एरवी मिनिटाला 8 ते 16 श्वास, सुसाट पळताना 120 च्या वर, आणि गंमत म्हणजे कँटर किंवा गॅलपला (भरधाव दौडीला) एका ढांगेला बरोब्बर एक श्वास. पुढचे पाय जमिनीवर येऊन भार पडला की हवा बाहेर, पाय उचलून पुढे फेकले की आत. म्हणून पुढच्या रविवारी कुंपणाशी उभं राहून नाकाकडे नाही, पायांकडे बघा. पाय टेकताना फर्र होत असेल तर आवाज सोडताना येतोय, बहुतेक वेळा काळजी नको. नाकपुडीच्या वरच्या कोपऱ्यात बोट घातलं तर ते एका बंद खिशात जातं (नाकातून नळी घालताना नवखे डॉक्टर हमखास तिथेच अडकतात), त्या खिशाची घडी जोरात सुटलेल्या हवेने फडफडते. काही घोड्यांची जास्तच फडफडते, इतकंच.

पाय हवेत असताना, म्हणजे श्वास आत जाताना शिट्टीसारखा किंवा घरघर आवाज आला तर मात्र क्लबवाल्यांना सांगाच. स्वरयंत्राच्या डाव्या बाजूची नस मेंदूकडून थेट छातीत उतरते, हृदयाच्या मोठ्या धमनीला वळसा घालून परत गळ्यात वर येते, आणि घोड्याची मान केवढी ते तुम्ही बघताच, एवढ्या लांबीची नस कमजोर पडली की डावा पडदा उघडत नाही. उंच घोड्यांत हे जास्त दिसतं. नाकातून दुर्बीण घालून कळतं. सोडतानाच पण ओलसर गुरगुर येत असेल आणि घोडा एकदम ढेपाळत असेल तर टाळू जागचा सरकतोय का तेही बघावं लागतं.

राहिला दमा. त्यात खोकला येतो, पेंढ्याच्या धुळीने वाढतो, आणि उभ्या उभ्यासुद्धा श्वास जड चालतो, नुसत्या फर्रवरून ठरवू नका. आपल्याकडे दमट हवेत घाम वाळत नाही त्यामुळे मे महिन्यात धडधाकट घोडाही थांबल्यावर बराच वेळ धापा टाकतो, त्याला पाणी मारा, सावलीत चालवा.

आणि ते डबक-डबक पोटातलं नाहीच. नर घोड्यांच्या, खच्ची केलेले असले तरी, लिंगाभोवतीच्या कातडीच्या पिशवीत ट्रॉटच्या हिसक्यांनी हवा आत-बाहेर होते त्याचा तो आवाज, अगदी नॉर्मल. मुलीला कसं सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.